देवमाशांचें कुळ

भंडारा हा तलावांचा जिल्हा. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. कोहळी शेतकऱ्यांनीं बांधलेल्या तळ्यांतील मासा कल्ल्यांनीं श्वास घेतो. देवमासा फुप्फुसांनीं घेतो आणि पिलाला दूध पाजतो. नांवांतला ‘मासा’ अगदींच फसवा!

या कुळाचा आरंभ जमिनीवर झाला. जम्मूच्या कालाकोट भागांत ए. रंगा राव यांना सांपडलेला, मांजराएवढा, खुरांचा इंडोह्यूस हा देवमाशांचा निकटचा आप्त होय, असें २००७ मध्यें दाखविण्यांत आलें. पुढें एका शाखेनें दांत टाकून टाळूला लोंबणाऱ्या शृंगमय पट्ट्यांची चाळण धारण केली. तरी आईच्या पोटांत पिलाला दांतांचे अंकुर अद्यापि फुटतात आणि जन्मापूर्वींच विरतात. याहून बोलका पुरावा कोणता?

खरी पंचाईत जाती ओळखण्याची. १८७१ मध्यें ब्रह्मदेशच्या किनाऱ्यास लागलेल्या देवमाशाला जॉन अँडरसन यांनीं ईडनचें नांव दिलें. या गटांतील देवमासे आणि ‘सेई’ जातीचे देवमासे शिकारी जहाजांच्या नोंदींत कित्येक वर्षें एकत्रच मोजले गेले. एकीचा ऱ्हास दुसरीच्या आंकड्यांत दडे. २००३ मध्यें निराळ्या ठरलेल्या ‘ओमुरा’ जातीचे बहुतेक नमुने १९७० च्या दशकांत मारलेले होते; मारतांना ते ईडनचे ठेंगू भाईबंदच समजले गेले होते.