समुद्रकांठच्या जुन्या घरीं चार दिवस

(जयंतीवर्षांतील कुटुंबमेळाव्याच्या प्रसंगीं धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



जयंतीच्या सभेंत धर्मगुरु बोलावयास उभा राहिला म्हणजे आतां लांबलचक उपदेश ऐकावा लागणार, अशी धास्ती मागल्या बांकांवर बसलेल्या मंडळींस वाटते. ती धास्ती मी आरंभींच दूर करतों. आज मी सुटीविषयीं बोलणार आहें.

गेल्या कांहीं महिन्यांत तीनचार कुटुंबांनीं मला एकच प्रश्न विचारला : "फादर, मुलांना घेऊन चार दिवस समुद्रावर जावें म्हणतों, कोठें जावें, आणि तेथें पाहावें काय?" आपण वसईकर, समुद्र आपल्या दारांतच आहे, मग दुसऱ्याचा समुद्र कशाला, असें मीं थट्टेनें म्हटलें. परंतु प्रश्न खरा होता, म्हणून त्याचें उत्तर आज सर्वांसमक्ष देतों. अलिबागेपासून दक्षिणेस रेवदंडा-कोर्लईपर्यंत जो किनारा पसरला आहे, तेथें जा. आणि तेथें वाडींतल्या एखाद्या जुन्या कौलारू घरीं उतरा. अशीं पुष्कळ घरें आज पाहुण्यांस जागा देतात.

हाच किनारा कां? कारण तो आपला सख्खा भाऊ आहे. वसई १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतली, आणि पुढच्याच वर्षीं, १७४० सालीं, चौल-रेवदंडा व कोर्लई हीं स्थळेंही पोर्तुगीजांच्या हातून गेलीं. राजे गेले, मनोरे ढासळले, माणसें मात्र राहिलीं. आपण येथें राहिलों, तसे कांहीं तेथें राहिले.

वाट सोपी आहे. मुंबईच्या गेटवेहून लाँचनें मांडव्यास जावें. मोटार न्यावयाची असल्यास भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मोठी बोट सुरू झाली आहे. मांडव्याहून अलिबाग सुमारें २० किलोमीटर, व तेथून रेवदंडा सुमारें १७. पावसाळ्यांत जाऊं नये. समुद्र खवळलेला असतो आणि गेटवेच्या लाँची बंद असतात. नाताळापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

पहिला दिवस घरासाठींच ठेवा. पोहोंचतांक्षणीं धांवत सुटूं नका. ओटीवर बसा, पडवी पाहा, माजघरांतल्या थंडाव्यांत घटकाभर पडा, आणि मग घरच्या वडील माणसांस विचारून वाडींत फिरा. या मुलखास अष्टागर म्हणतात. नारळी-पोफळीच्या आगरांवरूनच तें नांव पडलें. पोफळीला ऊन सोसत नाहीं, म्हणून ती नारळीच्या सावलींत लावतात, हें मुलांना दाखवा. पूर्वीं विहिरीवर बैलांचा रहाट फिरे, आतां बहुतेक ठिकाणीं पंप आले. तरी पाण्याचे पाट अजून झाडाझाडाच्या मुळाशीं जातात. थंडीचे दिवस असतील तर घरधन्यास पोपटी लावण्याची विनंति करा. मडक्यांत वालाच्या शेंगा व भांबुर्ड्याचा पाला भरून, मडकें पालथें घालून भोंवतीं जाळ करतात. आंत पाण्याचा थेंबही घालीत नाहींत. त्या जाळाभोंवतीं जी गोष्ट निघते, ती कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं.

दुसरा दिवस अलिबागेच्या कुलाबा किल्ल्यासाठीं. येथें मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी नवा धर्मगुरु असतांना तरुणांची एक तुकडी घेऊन या किनाऱ्यावर गेलों होतों. ज्या घरीं उतरलों, तेथील आजोबांनीं सकाळीं मला विचारलें, "आज तिथि कोणती?" मीं हंसून उत्तर दिलें, "आजोबा, आम्ही घड्याळाप्रमाणें चालतों." ते कांहींच बोलले नाहींत. दुपारीं तीन वाजतां गुडघाभर पाण्यांतून आम्ही किल्ल्यांत गेलों. पांच वाजतां परत निघालों, तों पाणी छातीशीं लागलें. होडीवाले घरीं गेले होते. किल्ल्यांत राहणाऱ्या एका कुटुंबानें आम्हां बारा जणांस चहा दिला आणि बसावयास सतरंजी घातली. मध्यरात्र उलटल्यावर बॅटरीच्या उजेडांत आम्ही ओले होऊन किनाऱ्यास लागलों. तेथें आजोबा वाट पाहत उभे होते.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला जें गणित शिकविलें, तें आज तुम्हांला देतों. तिथीची पाऊणपट करा. भरती साधारणपणें त्या वाजतां पूर्ण होते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळीं व रात्रीं साडेसाताच्या सुमारास भरती, आणि तिच्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें. तेव्हां पाणी जितकें चढतें तितकेंच दूर हटतें, परंतु ती ओहोटी पहाटे व संध्याकाळीं पडते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारीं येते, पण तो भांग असल्यामुळें पाणी पुरतें हटत नाहीं. म्हणून पायीं जाणाऱ्यानें पौर्णिमेच्या आसपासची पहाट धरावी, आणि पाणी वळण्यापूर्वींच माघारें फिरावें. तरीही निघण्यापूर्वीं तेथील कोळी बांधवांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. गणित चुकूं शकतें. ज्याचें पोट समुद्रावर आहे तो सहसा चुकत नाहीं.

किल्ला मात्र अवश्य पाहण्यासारखा आहे. शिवाजीमहाराजांनीं १६८० सालीं त्याचें काम सुरू केलें, आणि पुढें कान्होजी आंग्रे यांचें तें प्रमुख ठाणें झालें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन त्याजवर चालून आले, आणि हात हलवीत परत गेले. तटाचे मोठे दगड चुन्यावांचून रचलेले आहेत. भोंवतीं खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि तटावर इंग्लंडांत यॉर्कशायर येथें ओतलेल्या दोन तोफा उभ्या आहेत.

परत येतांना अलिबागेंतील चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवा. मुंबईंत विजेची ट्राम येणार, आणि तिच्या प्रवाहानें कुलाब्याच्या वेधशाळेंतील सूक्ष्म सुया विचलित होतील, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. वाटेंत आक्षी गांवीं मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांपैकीं एक आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो. त्या वाचनाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. ज्या भाषेंत आपण प्रार्थना करतों, तिचीं आरंभींचीं अक्षरें मुलांनीं एकदां डोळ्यांनीं पाहावींत.

अलिबागेस इस्राएल आळी आहे. तेथें व रेवदंड्यास बेने इस्राएल समाजाचीं प्रार्थनामंदिरें आहेत. नौगांवच्या किनाऱ्याशीं जहाज फुटून आपले पूर्वज येथें आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक मंडळी इस्राएल देशीं गेली. जातांना मराठी बरोबर घेऊन गेली. तीं मंदिरें पाहावयाचीं तर परवानगी मागून, डोकें झांकून, शांतपणें पाहावींत. आपल्या मंदिरांत परक्यांनीं कसें वागावें असें आपल्याला वाटतें, तसेंच आपण तेथें वागावें.

तिसरा दिवस चौल व रेवदंडा. चौल हें बंदर टॉलेमीच्या ग्रंथांत आढळतें. सुमारें १४६९ सालीं अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी येथें उतरला; त्याचें स्मारक रेवदंड्यास आहे. १५०८ सालीं याच बंदरासमोर मोठें आरमारी युद्ध होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा मारला गेला. पुढें १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं रेवदंड्याचा कोट बांधावयास घेतला. आज त्या तटांतूनच गाडीरस्ता जातो, आणि नारळीच्या बागांमध्यें पडक्या मंदिरांच्या कमानी उभ्या आहेत. 'सातखणी' म्हणून प्रसिद्ध असलेला मनोरा दुरून पाहावा; वरचे मजले ढासळले आहेत, खालचेही विश्वासाचे नाहींत. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं जेथें प्रवचन केलें असें लोक सांगतात, ती लहानशी वास्तूही येथेंच आहे. दुपारनंतर चौलचें रामेश्वराचें देऊळ व टेकडीवरील दत्तमंदिर बाहेरून पाहून यावें. वरून साऱ्या आगरांचा हिरवा पट्टा दिसतो.

आतां चौथा दिवस, आणि ज्यासाठीं मी हें सारें बोललों तें गांव : कोर्लई. रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला कीं, समुद्रांत शिरलेला डोंगर दिसतो. त्यावर किल्ला, बाजूस दीपगृह, आणि पायथ्याशीं गांव. किल्ला चढा, वारा खा, खाडी व समुद्र यांचें मीलन पाहा. पण तेवढ्यावरून परत फिरूं नका. गांवांत कार्मेलमातेचें मंदिर आहे, आणि तेथील कॅथलिक कुटुंबें घरांत एक निराळीच भाषा बोलतात. तिला ते 'नोउ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं. पोर्तुगीज राज्य जाऊन पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ना शाळा, ना कचेरी, ना छापखाना, तरी आयांनीं ती लेकरांस दिली. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या भाषाशास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारी माणसें मात्र हजाराच्या आसपासच आहेत.

त्याच पंचवीस वर्षांपूर्वींच्या सहलींत आम्ही त्या गांवांतून जात होतों. एक आजी अंगणांत मासळी वाळत घालीत नातवाशीं त्या भाषेंत बोलत होती. आमच्यापैकीं एक मुलगा मोठ्यानें हंसला. आजीनें हातांतलें काम थांबविलें आणि स्वच्छ मराठींत त्याला विचारलें, "बाळा, तुझी आजी घरांत काय बोलते रे?"

मुलगा म्हणाला, "मराठी."

बंधुभगिनींनो, तें खरें नव्हतें. त्याची आजी मला ठाऊक होती; ती सामवेदी बोले. मराठी तिला मिस्सेपुरतीच येई. हें मला माहीत असूनही मी तेथें गप्प राहिलों. पोरानें आजीला नाकारलें आणि मीं त्याला तसें करूं दिलें. किल्ल्यांतल्या फजितीपेक्षां या गोष्टीची लाज मला अधिक वाटते.

तो मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे. आजी गेली. तिचें घरही उतरविलें; त्या जागीं चार मजली इमारत उभी आहे. परवां तो मला म्हणाला, "फादर, धाकट्या बहिणीच्या लग्नांत आजीचीं गाणीं म्हणावयास कोणीच नव्हतें. मला पहिली ओळसुद्धां आठवेना." त्याच्या संमतीनेंच मी हें येथें सांगत आहें.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच. त्या किनाऱ्यावर जा, भरतीची वेळ विचारून जा, भिंतींवर नांवें कोरूं नका, केरकचरा परत घेऊन या, आणि ज्या घरीं उतराल तेथील वडील माणसांजवळ रोज तासभर बसा. मग घरीं या, आणि आपल्याच ओटीवर बसलेल्या आजीजवळही तसेंच बसा. जें कुतूहल परक्याच्या जुन्या घराविषयीं आपण पैसे देऊन दाखवितों, तें आपल्या जुन्या घरास फुकट मिळूं द्या. घर राखणें प्रत्येकास परवडेल असें नाहीं, हें मी जाणतों. परंतु तें उतरविण्यापूर्वीं त्यांतलीं गाणीं, म्हणी आणि नांवें मुलांच्या तोंडीं आलेलीं असावींत.

या जयंतीवर्षांत धर्मग्रामाच्या कार्यालयांत एक कोरी वही ठेविली आहे. ज्याला आजीचें एखादें गाणें येत असेल, त्यानें तें तींत लिहावें; लिहितां येत नसेल, तर मला येऊन सांगावें, मी लिहून घेईन. पहिल्या पानावर अजून कांहींच लिहिलेलें नाहीं.