शिखर, दोन कोन आणि एक मोजलेली रेषा

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, वेरुळाच्या वाटेनें जो कोणी गेला असेल त्याला दौलताबादेचा किल्ला दाखवावा लागत नाहीं. तो आपण होऊनच डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याच्या पायथ्याशीं चांदमिनार आहे. या दोहोंची उंची काढण्याचा प्रश्न वरकरणी एकच वाटतो. पण तो एक नाहीं. मिनाराच्या बुडाशीं टेपाचें टोंक लावतां येतें, काटकोन त्रिकोण मिळतो, आणि शाळकरी मुलगाहि उत्तर काढतो. डोंगराच्या शिखराच्या थेट खालचा बिंदु मात्र खडकाच्या पोटांत दडलेला आहे. तेथें टेप न्यावयाचा कसा? अशा वेळीं जो नियम कामीं येतो त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कोणत्याहि त्रिकोणांतील बाजूला तिच्या समोरील कोनाच्या साइननें भागलें, तर तिन्ही बाजूंकडून भागाकार एकच येतो. ही कांहीं घोकण्याची गोष्ट नव्हे, जरी आमच्या शाळांतून ती वर्षानुवर्षें घोकली गेली. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाका. डाव्या बाजूला डाव्या पायथ्याच्या कोनाच्या साइननें गुणा, तोच लंब मिळतो. उजवीकडून तसेंच करा, पुन्हां तोच. लंब एक, म्हणून गुणाकार सारखे, आणि नियम सिद्ध! तो समान भागाकार म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास होय. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितलें कीं, दोन बाजूंच्या गुणाकाराला लंबाच्या दुपटीनें भागलें असतां या वर्तुळाची त्रिज्या मिळते. तिला त्यानें नांव दिलें ‘हृदयरज्जु’. गणितांत याहून गोड शब्द मला ठाऊक नाहीं.

साइन हा शब्दहि मूळचा आपलाच. आपली ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबींत ‘जीबा’ झाली, तेथें ती ‘जैब’ अशी वाचली गेली, आणि जैब म्हणजे वस्त्राचा घोळ असें समजून लॅटिन भाषांतरकारांनीं तिला त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द लावला. आपल्या कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवाकडे गेलें कीं पाटण लागतें. तेथील शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांतील ‘ज्योत्पत्ति’ हें प्रकरण केवळ ज्या कशा काढाव्या यालाच वाहिलेलें आहे.

आतां प्रत्यक्ष हिशेब करूं. आंकडे सोयीचे म्हणून मीं कल्पिले आहेत. समजा, मैदानांतील एका जागेवरून शिखराचा उन्नतकोन १५ अंश दिसला. शिखराच्या रोखानें ३०० मीटर पुढें गेलों, तेव्हां तो २५ अंश झाला. या दोन जागा आणि शिखर मिळून जो त्रिकोण होतो, त्यांत शिखरापाशींचा कोन वजाबाकीनें १० अंश येतो. ३०० ला १० अंशांच्या साइननें, म्हणजे ०.१७३६ नें, भागा व १५ अंशांच्या साइननें, म्हणजे ०.२५८८ नें, गुणा. दुसऱ्या जागेपासून शिखरापर्यंतचें तिरकस अंतर ४४७ मीटर निघतें. त्याला २५ अंशांची साइन ०.४२२६ हिनें गुणलें कीं उंची १८९ मीटर. डोळा जमिनीपासून जितका उंच, तितकी त्यांत मिळवावी.

उत्तर निघालें, पण तें विश्वासार्ह आहे काय? २५ ऐवजीं २४ अंश वाचले गेले असें धरा. घरगुती कोनमापकानें एवढी चूक सहज होते. मग शिखरापाशींचा कोन ९ अंश होतो, तिरकस अंतर ४४७ चें ४९६ होतें, आणि उंची २०२ मीटरांवर जाते. एका अंशानें तेरा मीटरांचा फरक! दोष नियमाचा नव्हे, त्रिकोणाच्या आकाराचा आहे. लहान कोनाची साइनहि लहान, आणि लहान संख्येनें भागतांना तिच्यांतील किंचित चूक फुगून बाहेर येते.

म्हणून जाणता मोजणीदार डोंगराकडे न जातां डोंगराला आडवा चालतो. ७०० मीटरांची आडवी रेषा घेऊन तिच्या दोन्ही टोंकांशीं शिखराच्या दिशेचे कोन ६०-६० अंश आले, तर त्रिकोण समभुज होतो. आतां एक कोन चुकून ५९ अंश वाचला, तर ७०० मीटरांचें अंतर ६८६ येतें. म्हणजे चूक शेंकडा दोन. मघांशीं ती अकरा होती. उंचीसाठीं पुढें एक उन्नतकोन लागतोच, आणि त्यांतील चूक कोणत्याहि रीतींत भोंवते. पण अंतर तरी पक्कें होतें.

या रीतीवर अवघा हिंदुस्थान मोजला गेला. विल्यम लॅम्ब्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ सुमारें साडेसात मैलांची एक रेषा साखळीनें मोजली. तेवढ्यालाच ५७ दिवस लागले. पुढें मुख्यत्वें कोन मोजावयाचे. एका त्रिकोणाची गणितानें काढलेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. कोन मोजण्याचें त्याचें थिऑडोलाइट यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना तें गोपुरावर आदळलें, आणि लॅम्ब्टननें तें स्वतःच्या हातांनीं दुरुस्त केलें. अर्थात् अशा साखळींत पहिल्या त्रिकोणाची चूक शेवटपर्यंत चालत येते. म्हणून शेंकडों मैलांनंतर पुन्हां एक रेषा जमिनीवर मोजून गणिताशीं ताडून पाहावी लागे. १८१५ सालीं बिदरजवळ अशीच रेषा मोजली गेली. लॅम्ब्टन स्वतः मात्र नागपूरच्या वाटेवर, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, २० जानेवारी १८२३ रोजीं वारला. तेथेंच त्याचें थडगें आहे. पुढचें काम जॉर्ज एव्हरेस्टनें चालविलें.

या नियमाची एक खोडी सांगावयाची राहिली. परीक्षकांना ती फार प्रिय असते. दोन बाजू १० व ६, आणि ६ च्या समोरील कोन ३० अंश, एवढेंच दिलें असेल, तर १० समोरील कोनाची साइन ०.८३३३ येते. पण ही साइन ५६.४ अंशांचीहि आहे आणि १२३.६ अंशांचीहि! दोन्ही त्रिकोण खरे; शेत मात्र एकच असतें. कोणता घ्यावा हें गणित सांगत नाहीं, जागेवर जाऊन पाहावें लागतें. मोजणीदार शक्य तेथें तिन्ही कोन मोजतात तें या घोटाळ्यांतून सुटण्यासाठीं, आणि बेरीज १८० भरते कीं नाहीं हें पाहण्यासाठींहि.

दौलताबादेस जाल तेव्हां कोनमापक, ओळंब्यासाठीं दोरा व खडा, आणि लांब टेप बरोबर न्या. साइनचे कोष्टक हल्लीं खिशांतल्या फोनमध्यें असतें. प्रत्येक कोन निदान तीनदां मोजा, तिन्ही आंकडे लिहून ठेवा, आणि त्यांत एक फारच वेगळा आला तर सरासरी काढण्यापूर्वी त्या जागेवर पुन्हां उभे राहून चौथ्यांदा पाहा.