हिरवी उलटी आणि पोटातला पीळ

‘पोटात पीळ पडला’ असं आपण सहज म्हणतो. आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्यात तो खरोखर पडतो. आणि आपला दुसरा लाडका शब्द, ‘पित्त’, त्यावर पांघरूण घालतो.

गर्भात आतडी काही आठवडे पोटाबाहेर, नाळेच्या बुडाशी असतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येतात. या प्रवासात ती 270 अंश वळतात आणि डावीकडे वरपासून उजवीकडे खालपर्यंत पाठीशी रुंद टाक्याने शिवली जातात. काही बाळांत हे वळणं अर्धवट राहतं. मग सगळं लहान आतडं अरुंद देठावर लोंबकळतं. देठाला पीळ बसला की रक्तवाहिनी आवळते, आणि काही तासांत आतडं काळं पडू शकतं.

मोठ्या माणसाची आतडी अडली तर एक्स-रे बराच बोलका असतो. लहान आतडं तीन सेंटिमीटरपेक्षा फुगलं, मोठं सहापेक्षा, आणि त्याची सुरुवातीची पिशवी नऊपेक्षा, तर आम्ही सावध होतो. लहान आतड्याच्या चुण्या आरपार जातात, मोठ्याच्या मध्येच थांबतात. यावरून कोणतं फुगलंय ते कळतं. लहान आतडं अडण्याचं कारण बहुधा जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटणं हे असतं. ते सिटी स्कॅनवर शोधतो.

बाळाचं तसं नाही. पीळ पडलेला असतानाही त्याचा एक्स-रे अगदी नॉर्मल दिसू शकतो. या निर्धास्त दिसणाऱ्या फिल्मची मला सर्वांत जास्त भीती वाटते. म्हणून बाळाला क्ष-किरणांत दिसणारं औषध पाजून ते कुठून कसं जातं ते बघतो. जठरातून निघून ते मणक्यापलीकडे डावीकडे जाऊन वर चढलं पाहिजे. उजवीकडेच राहून बुचाच्या स्क्रूसारखं गिरक्या घेत उतरलं, तर सर्जनला फोन. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

पण हे सगळं उलटीचा रंग कळल्यानंतर. दुधाची उलटी वेगळी. कोथिंबिरीच्या चटणीसारखी हिरवी उलटी म्हणजे जठराच्या पुढे वाट अडल्याची शंका. साताऱ्याहून आजी व्हिडिओवर म्हणते, ‘पित्त पडलं गं, मोकळं झालं.’ आजी अर्धी बरोबर आहे: ते पित्तच आहे. मोकळं मात्र काही झालेलं नसतं.

इथे लंडनच्या कॅमडेनमध्ये आपल्याला वाटतं, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट जवळच आहे, धावत जाऊ. 1852मध्ये दहा खाटांवर सुरू झालेलं ते मुलांचं हॉस्पिटल नावाजलेलं खरं, पण तिथे अपघात विभाग नाही. तिकडे दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवावं लागतं. हिरवी उलटी दिसली की तुम्ही युस्टन रोडवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या किंवा हॅम्पस्टेडच्या रॉयल फ्रीच्या तातडीच्या विभागात जा, सकाळची वाट न बघता. आणि उलटी लागलेलं ते दुपटं धुवू नका. पिशवीत घालून सोबत आणा.