फोटो बदलायचा कधी?



फोटोंचा दृक्‌श्राव्य कार्यक्रम करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा आजचा विषय. चार नावं मी सांगणारच आहे, पण त्याआधी जरा कल्याणला जाऊन येऊ. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. काचांवर हातानं रंगवलेली पौराणिक चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पडायची आणि जोडीला निवेदन, गाणी, वाद्यं असायची. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून एकवीस वर्षं होती! अशा खेळात कंदिलापाशी उभ्या माणसाचा कान निवेदनाकडेच हवा. वाक्य संपायच्या आत काच सरकली तर रंगाचा बेरंग. चित्र कधी बदलायचं, हे माणूस ठरवत होता.

आज आपला फोन सहलीचे फोटो परस्पर निवडतो, त्यांना संगीत लावतो आणि तयार चित्रफीत हातात ठेवतो. घरच्यांना दाखवायला तेवढं पुरतं. पण ज्याला काही सांगायचं आहे, त्याने सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हाच विचारावा: प्रत्येक फोटो किती वेळ राहणार, कोणत्या आवाजावर जाणार, हे माझ्या हातात आहे का?

समुद्रातल्या आपल्या कुलाबा किल्ल्याचंच घ्या. ओहोटीला आपण तिथे चालत जातो, भरतीला वाट पाण्याखाली जाते. किनाऱ्यावर तिवईवर कॅमेरा पक्का करून एक फोटो ओहोटीला घ्या आणि तिवई न हलवता दुसरा भरतीला. दोन्हींत साधारण सव्वासहा तासांचं अंतर. आता पहिला फोटो दुसऱ्यात सावकाश विरघळू द्या. किल्ला जागचा हलत नाही, वाळू मात्र बघता बघता पाणी होते. हे साधायला विरघळण्याचा वेळ त्या एका जागेपुरता वाढवता आला पाहिजे. शिवाय अनेक सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो आपणहून पुढे-मागे सरकवतात, ते बंद करता आलं पाहिजे. नाहीतर दोन तटबंद्या एकमेकींवर बसत नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात.

आवाजाचंही तसंच. लाटेचा आवाज कुठे चढतो, हे सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर आलेखासारखं दिसलं, तर फोटो नेमका तिथे आणता येतो. आवाज शक्यतो आपण टिपलेला वापरा: बंदरावरचा लिलाव, नारळी पौर्णिमेची मिरवणूक. सिनेमातलं गाणं उचलू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो.

दुसरी परीक्षा मराठीची. शीर्षकाच्या चौकटीत ‘श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर’ एवढंच टाइप करा. ‘श्री’ फुटला, रफार भलत्या अक्षरावर गेला, ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसली किंवा ‘ऱ्या’ विस्कटला, तर ते सॉफ्टवेअर मराठी कार्यक्रमासाठी बाद.

तिसरी चौकटीची. फोनचा आडवा फोटो बहुधा ४:३ असतो आणि आजचा पडदा १६:९. सॉफ्टवेअरने फोटो पडदाभर मोठा करून बसवला की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. होडी राहते, डोलकाठी जाते. काय कापायचं हे आपल्याला ठरवता यावं. नाहीतर बाजूला काळी पट्टी परवडली.

आता नावं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोताची. दाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्तीही समर्थ आहे, पण तिला दमदार संगणक लागतो. पीटीई एव्ही स्टुडिओ मात्र मुळात फोटोंसाठीच बनवलेलं. त्याला पैसे पडतात, पण फोटो आणि आवाज यांचा मेळ घालणं तिथे सगळ्यात सोपं. ही चारही आपल्या संगणकावर बसतात आणि इंटरनेटविना चालतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कित्येक गावांत वीज आणि नेटवर्क यायला किती दिवस गेले, हे तुम्हाला सांगायला नको. मुरुड-श्रीवर्धनच्या आडव्या झालेल्या सुपारीच्या वाड्या ज्यांनी टिपल्या, त्यांचं काम कुणा दूरच्या सर्व्हरवर अडकून पडता कामा नये.

आणि कंपन्या टिकतातच असं नाही. विंडोज मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने बंद केलं. प्रोशो या फोटोंच्या सॉफ्टवेअरवर तर हौशी छायाचित्रकारांची एक पिढी पोसली, पण त्याच्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये गाशा गुंडाळला. म्हणून कार्यक्रम पुरा झाला की एमपी-४ चित्रफीत काढाच, शिवाय मूळ फोटो, मूळ आवाज आणि कोणता फोटो कितव्या सेकंदाला येतो याचा तक्ता वेगळा ठेवा. तक्ता हातात असला की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच कार्यक्रम पुन्हा उभा करता येतो.

तेव्हा खरेदीची घाई करू नका. आधी कागदावर क्रम लिहा, दहा फोटो आणि मिनिटभराचा आवाज घ्या आणि तेवढाच तुकडा दोन सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. जिथे फोटो तुम्ही म्हणाल तेव्हाच बदलतो, ते तुमचं.