नव्या सायकलचा ब्रेक आणि माझी तेलाची बाटली

आज सायकलवर बोलायचंय. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना सायकलचं काय? पण मानव विकासच्या योजनेतून आपल्या जालना जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळायला लागल्यापासून दारोदारी सायकल आहे. आता काही घरांत डिस्क ब्रेकची, जाड टायरची गिअरवाली सायकलही येते. माझ्या भावानं दिवाळीला भाचीसाठी तसलीच घेतली.

साध्या सायकलीत रबराचे गुटके रिमला घासतात. हिच्यात चाकाच्या मधोमध पोलादी चकती असते. दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल रिमला कसा थापतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. चकती वर राहते, म्हणून पावसात हा ब्रेक बरा.

आठवड्यातच पोरगी म्हणाली, "आत्या, ब्रेक लई वाजतो." आता आपली सवय काय? दार करकरलं, तेल. शिलाई मशीन अडलं, तेल. मी चकतीवर दोन थेंब सोडले. आवाज बंद झाला, ब्रेकही बंद झाला! ओढ्याच्या उतारावर सायकल थांबेचना, पोरगी बाभळीच्या कुपाटीत गेली. गुडघे सोलले, तेवढ्यावर निभावलं. चूक माझी होती.

पॅड तेल पितात, मग ते टाकूनच द्यावे लागतात. कारागिरानं नवे बसवले, चकती स्पिरिटनं स्वच्छ पुसली आणि म्हणाला, "ताई, नवा ब्रेक आधी घासून बसवावा लागतो." पॅडचा बारीक थर चकतीवर सारखा चढला, की मगच पकड येते. नवा तवा आपण दोन-चार वेळा तापवून वळणावर आणतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथं तेल नाही.

मग आम्ही दोघी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. सपाट जागा, वाळू-खडी नाही, माणसांची वर्दळ नाही. पोरीनं जोरात पळावं एवढा वेग घ्यायचा, मग एकच ब्रेक हळूहळू पण घट्ट दाबायचा. चालण्याइतका वेग उरला की सोडायचा. पूर्ण थांबायचं नाही, चाक फरपटू द्यायचं नाही. असं मागच्या ब्रेकला वीसेक वेळा, पुढच्याला वीसेक वेळा. पुढचा कचकन दाबला तर सायकल उलटते, म्हणून अंग मागं ठेवायचं. मधे मधे चकती निवू द्यायची आणि तिला बोट लावायचं नाही. एक तर चटका बसतो, दुसरं बोटाचा तेलकटपणा लागतो. साखळीला तेल देतानासुद्धा चकतीवर फडकं धरा.

दहा-बारा वेळा झाल्यावर पोरगी म्हणाली, "आत्या, आता धरतोय." एवढं करूनही धरला नाही, तर तार ढिली आहे का ते कारागिराला दाखवा. राजूरच्या टेकडीच्या उतारावर पोरीला त्याआधी पाठवू नका.

भाचीनं आता तेलाची बाटली माळ्यावर टाकलीय. शिलाई मशीनला तेल द्यायचं तरी तिलाच हाक मारावी लागते.