लेखणीची हमाली आणि गिऱ्हाईक



इंटरनेटवर लेख लिहून पोट भरणाऱ्यांनी आपले गिऱ्हाईक कसे मिळवावे, हा आजचा विषय आहे. तो एका हमालांच्या संघटकाकडे कसा आला, असे आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढे जे काही शिकलो, ते मार्केट यार्डातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून, वाचनालयाच्या पुस्तकांवर. परंतु गेली तीस वर्षे आम्ही ज्या माणसांत वावरलो, त्यांना एक असा मालक नाही. हमाल सकाळी एका आडत्याची गाडी रिकामी करतो, दुपारी दुसऱ्याची भरतो. घरी बसून संगणकावर आज याचे, उद्या त्याचे लिहून देणाऱ्या मुलामुलींची स्थिती हीच आहे. म्हणून आम्ही बोलावयास उभे राहिलो.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते आम्हांस फारसे भूषणावह नाही. आमच्या टोळीतल्या एका हमालाची मुलगी बी. ए. होऊन एका कंपनीसाठी लेख लिहू लागली. आज केसांच्या तेलावर, उद्या गृहकर्जावर, परवा उटीच्या सहलीवर. मजुरी शब्दाला २० पैसे. तीन महिन्यांची मजुरी थकली, तेव्हा तिने आम्हांस विचारले, "काका, काय करू?" आम्ही म्हणालो, "पोरी, मोठी कंपनी आहे, बुडवायची नाही. काम सोडू नकोस." ती आणखी दोन महिने लिहीत राहिली. पैसा आला नाही तो नाहीच. पुढे फोनही लागेना. हमालीचा हिशेब वेळच्या वेळी चुकता करून घ्या, असे यार्डात आम्ही जन्मभर सांगत आलो, आणि घरच्यासारख्या मुलीला उधारीवर राबावयास सांगितले! खुर्चीत बसून केलेले लिहिणे हेही कष्टाचेच काम आहे, हे आमच्याच डोक्यात शिरले नव्हते. त्यानंतर तिच्याबरोबर बसून आम्ही हा धंदा समजावून घेतला. आज सांगतो ते त्यातले आहे.

पहिली अडचण लाजेची. आपले काम आपणच कसे सांगावे, असे सुशिक्षित माणसाला वाटते. आमच्या बाजारात म्हणतात की, बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. काम मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. मात्र "मी काहीही लिहीन" असे सांगणाऱ्याला कोणी हाक मारीत नाही. काचसामान उतरावयाचे असेल तर व्यापारी त्यातल्या जाणत्या हमालालाच बोलावतो. त्या मुलीला आम्ही विचारले, "तुला लहानपणापासून काय ठाऊक आहे?" ती म्हणाली, "कांदा, हळद, गूळ आणि आडत." झाले! शेतमाल, खते, ठिबक सिंचन, गोदामे एवढ्याच विषयांवर लिहावयाचे, असे ठरले.

मग वानगी. धान्याचा व्यापारी मूठभर माल हातावर घेतल्याशिवाय भाव बोलत नाही. तिने कांदाचाळीतली साठवण, ठिबकच्या नळ्यांची निगा आणि बाजारपट्टी कशी वाचावी, असे तीन लेख स्वतःच्या खर्चाने लिहिले आणि आपले नाव, विषय व फोन यांसह एका पानावर ठेवले. वानगी मात्र आपली आपण तयार करावी. "आधी दोन लेख फुकट लिहून दाखवा," असे सांगणाऱ्याला ते पान दाखवावे. पोते आधी उतरव, मग मजुरीचे पाहू, असाच त्या बोलण्याचा अर्थ असतो.

गिऱ्हाईक शोधावयाचे कोठे? आज सगळे फायव्हर आणि अपवर्क यांची नावे घेतात. हे जगभरचे मजूरनाके होत. फायव्हर २०१० साली निघाले. पाच डॉलरच्या कामावरून त्याचे नाव पडले. लिहिणाऱ्याच्या कमाईतून ते शंभराला २० कापून घेते. अपवर्कवर कामासाठी अर्ज करावयाचा, तर बहुधा आधी पैसे भरून हक्क विकत घ्यावे लागतात. नाक्यावर उभे राहू नये, असे आम्ही म्हणत नाही. पहिली दोनचार कामे व चांगले शेरे तेथे मिळतात. परंतु तेथे शेकडो जण एकाच कामासाठी भाव पाडीत असतात, आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी नव्या माणसाची गत होते.

म्हणून त्या मुलीने थेट दारे ठोठावली. बियाण्यांच्या, खतांच्या, अवजारांच्या कंपन्यांची संकेतस्थळे ती आधी वाची, मग ई-मेल लिही. पत्र चार वाक्यांचे: 'तुमच्या ठिबक संचाची मराठी माहिती मी वाचली. ती इंग्रजीवरून शब्दास शब्द उतरवलेली असल्यामुळे शेतकऱ्याला कळत नाही. पहिला परिच्छेद मी असा लिहीन. माझे लेख येथे आहेत, दर हा आहे.' उत्तर न आल्यास आठ दिवसांनी एकदाच आठवण. महिन्यात चाळीस पत्रे गेली. उत्तरे आली पाच, काम मिळाले दोघांकडून. पस्तीस जणांनी उत्तरही दिले नाही म्हणून तिचे लिहिणे वाईट ठरत नाही.

आता भाव. तो बाजाराला विचारण्यापूर्वी आपल्या चुलीला विचारावा. महिन्याला २५,००० रुपये लागतात असे धरू. कामाचे दिवस २५, दिवसाचे तास ६. त्यांतले २ तास पत्रे आणि हिशेब यांत जातात. राहिले महिन्याचे १०० तास, म्हणजे तासाला २५० रुपये. वाचन-दुरुस्तीसह हजार शब्दांना ४ तास लागतात. म्हणजे मजुरी हजार रुपये, शब्दाला १ रुपया. वीज, इंटरनेट, आजारपण यांचा खर्च यात धरलेलाच नाही. तिला मिळत होता याचा पाचवा हिस्सा, आणि तोही कागदावर!

काम ठरले की लेखी घ्यावे. साधा ई-मेल चालेल. किती शब्द, केव्हा द्यावयाचे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे केव्हा. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आधी घ्यावी. शिवाय काम हाती घेण्यापूर्वीच सरकारची उद्यम नोंदणी करून ठेवावी; तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे बिल ठरल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, चुकते करणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते आणि तक्रारीसाठी परिषद आहे. न्यू यॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर वा त्यापुढच्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हे नाव २०२० साली आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. पण तीत भावाची हमी नाही. ती आपली आपणच उभी करावयाची आहे.

कोणी म्हणेल, चॅटजीपीटी फुकट लिहीत असता आम्हांला रुपया कोण देणार? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ते यंत्र लोकांस खुले झाले आणि तेलावरचे, सहलीवरचे २० पैशांचे लिखाण त्याच्या तोंडी गेले, हे खरे आहे. पण यंत्र कांदाचाळीत जाऊन कुजका कांदा हातात घेत नाही, शेतकऱ्याला चार प्रश्न विचारीत नाही. ती मुलगी विचारते, आणि गिऱ्हाइकाला पत्रात तसे सांगते. आज तिचे निम्मे काम जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशीने येते.

शेवटची गोष्ट आमच्या धर्माची. ती मुलगी एकदा म्हणाली, "काका, हमालांची संघटना झाली. आमचा मालकच दिसत नाही, मग संघटना कोणाविरुद्ध करू?" आम्ही तिला माथाडी कायदा वाचावयास दिला. हमालालाही एक मालक नव्हता. तरी १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला. व्यापारी आणि कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंद करावयाची, मजुरी व लेव्ही मंडळात भरावयाची, असे ठरले. तो कायदा आकाशातून पडला नाही. आधी टोळ्या एकत्र आल्या, एकमेकांचा भाव पाडावयाचा नाही असे ठरले, मग सरकार हलले.

आता दर रविवारी आमच्या कचेरीत तिच्यासारखी सहा मुलेमुली बसतात. कोणी किती दर घेतला ते उघड सांगतात, पैसे थकवणाऱ्याचे नाव एकमेकांना कळवतात, हातचे काम जास्त झाले तर दुसऱ्याला देतात. चहा संघटनेचा. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी रात्री उशिरापर्यंत लिहीत बसत असेल, तर "नुसते मोबाईलवर बसतो" असे म्हणू नका. "भाव काय घेतोस, पैसे केव्हा येतात?" एवढे विचारा. आम्ही ते वेळेवर विचारले नाही, त्याची किंमत एका पोरीने पाच महिन्यांच्या मजुरीने भरली. आणि अशी मुले आपल्या गावात आणखी असतील, तर रविवारी त्यांना आमच्याकडे पाठवा.