काचेच्या टाकीतील मासे आणि आपली बोडी

(देवरी, जि. गोंदिया येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



धानाचा माणूस माशांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझा विषय कृषिविद्येचा. रोवणी, खत, तण, पाणी यांवर मी नेहमी बोलतो. परंतु गेल्या काही वर्षांपासून मला घरी काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद लागला आहे. या छंदाने पाण्याविषयी मला असे काही शिकवले, की त्याचा उपयोग आपल्या बांधीला आणि बोडीला थेट होतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

रंगीत मासे म्हणजे शहरातील श्रीमंतांची हौस, असा आपला समज असतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि तेव्हापासून सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी काचेमागचे मासे पहिल्यांदा तेथे पाहिले. आपल्याला मात्र त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. आपला गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव आणि बोड्या आजही धानाला पाणी देतात. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हे तलाव माजी मालगुजारी म्हणजेच मामा तलाव झाले. मासे, कमळ, शिंगाडा यांशी आपले नाते जुने आहे. काचेची टाकी म्हणजे त्याच बोडीचा घरात आणलेला लहानसा तुकडा समजावा.

टाकी कशी असावी?

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्यावी. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. पाणी, काच व रेती धरून वजन ७० किलोच्या आसपास जाते. म्हणून टाकी मजबूत, सपाट टेबलावर किंवा ओट्यावर ठेवावी व खाली थर्माकोलचा तुकडा द्यावा. खिडकीतील थेट उन्हात ठेवू नये. शेवाळ वाढते व उन्हाळ्यात पाणी तापते. बहुतेक माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी टाकीभोवती ओले पोते गुंडाळावे आणि हवेचा पंप दुपारी बंद पडू देऊ नये, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेली तर तांब्याने टाकीतीलच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मग वापरावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही रात्रभर हवा देऊन घ्यावे.

पाण्यातील नत्र : टाकी आणि बांधी

माझी पहिली टाकी आठवड्याभरात रिकामी झाली. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी बारा मासे सोडले आणि कौतुकाने दिवसातून चार वेळा दाणे टाकले. पाचव्या दिवसापासून मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, आणि सातव्या दिवशी एकही उरला नाही. पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत होते. मग चूक कोठे झाली?

माशांची विष्ठा व उरलेले दाणे यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते माशांना बरेच कमी घातक असते व पाणवनस्पती ते खातात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. मी वर्गात ज्या नत्रचक्राचे चित्र फळ्यावर काढतो, तेच चक्र माझ्या घरात अपुरे पडले होते.

आता आपल्या धानाच्या बांधीकडे पाहा. पाणी साचलेल्या बांधीत मातीचा अगदी वरचा पातळ थर हवेशीर असतो. तेथे युरियातील अमोनियाचे नायट्रेट होते. ते खालच्या हवा नसलेल्या थरात गेले की त्याचा वायू होऊन उडून जातो. आपण पैसे मोजून टाकलेला युरिया असा हवेत जातो. म्हणूनच युरिया ब्रिकेट चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचण्याची शिफारस केली जाते.

नवीन टाकी लावताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) सुरुवातीला दोन-तीनच काटक मासे सोडावेत व महिनाभरात संख्या हळूहळू वाढवावी. वर सांगितलेल्या टाकीत दहा-बारा लहान मासे पुरेत.

२) दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून दोनदा द्यावे. उपाशी माशापेक्षा जास्त खाल्लेला मासा लवकर मरतो.

३) दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये.

४) फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. क्लोरीनच्या पाण्यात धुतल्यास जिवाणू मरतात.

५) नवीन मासा पिशवीसकट १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडावा. शक्य तर त्याला दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावे.

६) हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या आपल्या तलावातील वनस्पती स्वच्छ धुऊन टाकीत लावाव्यात. विकत घेण्याची गरज नाही.

दुसरी चूक

माझी दुसरी टाकी छान चालली होती. एका संध्याकाळी प्रक्षेत्रावरून आलो. त्या दिवशी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाची फवारणी होती. हात वरवर धुतले आणि सवयीने टाकीतील वनस्पती सरळ करायला हात पाण्यात घातला. तासाभरात मासे गिरक्या घेऊ लागले. सकाळपर्यंत सगळे मेले.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. सायपरमेथ्रीनसारखे औषध लिटरला केवळ एक-दोन मायक्रोग्रॅम असले तरी अनेक जातींच्या माशांना मारक ठरते. १० टक्के ईसी औषधाच्या ५० मिलीमध्ये सुमारे ५ ग्रॅम मूळ विष असते. एक एकराच्या, दोन फूट पाणी असलेल्या बोडीत सुमारे २४ लाख लिटर पाणी असते. पाच ग्रॅम विष त्यात सारखे मिसळले तर लिटरला दोन मायक्रोग्रॅम होते. प्रत्यक्षात बरेचसे औषध गाळाला चिकटते व हळूहळू विघटित होते, त्यामुळे प्रत्येक वेळी बोडी रिकामी होईलच असे नाही. परंतु चहाच्या अर्ध्या कपाएवढे औषध काय करू शकते, याचा अंदाज यावरून येईल.

म्हणून माझी आपणास कळकळीची विनंती आहे. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोचल्याशिवाय फवारू नका. फवारणीचा पंप बोडीत, नहरात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. पावसाची चिन्हे असताना फवारू नका आणि फवारणीनंतर काही दिवस बांधीचे पाणी बोडीकडे काढू नका. बोडीतील मासे हे ढिवर बांधवांचे पीक आहे. आपल्या एका धुऱ्यावरून सुटलेले पाणी त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीवर जाऊ शकते.

मासेवाल्यांची बैठक

या छंदाचा खरा फायदा म्हणजे माणसे जोडली जातात. देवरीत आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीत बसतो. त्यात एक शाळेचे गुरुजी आहेत, एक टायरच्या दुकानाचे मालक, दोन धान उत्पादक आणि तलावावर मासेमारी करणारे एक वयस्कर ढिवर काका. चहा होतो, कोणाच्या गप्पीने किती पिल्ले दिली याची चर्चा होते, वनस्पतींची देवाणघेवाण होते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर खडे मीठ उपयोगी पडते, हे मला पुस्तकाआधी या बैठकीत कळले. आपली चूक मोकळेपणाने सांगणारा माणूस इतरांचे मासे वाचवतो.

एकदा टायरवाल्या भाऊंनी काच साफ करणारा सकर मासा आणला. आणला तेव्हा बोटाएवढा होता. दोन वर्षांत तो फूटभर झाला व टाकीत वळता येईना. ते म्हणाले, "सर, प्रेमाने वाढवला, मारवत नाही. गावच्या बोडीत सोडतो, मोकळा जगेल."

आम्ही दोघे-तिघे "बरोबर आहे" म्हणालोही. तेवढ्यात ढिवर काका म्हणाले, "भाऊ, तो काट्याचा मासा जाळ्यात गुंतला म्हणजे जाळे कापावे लागते. आमचे जाळे तुम्ही भरून द्याल काय?"

सगळे गप्प झाले. मीही, कारण हे सांगणे खरे तर माझे काम होते. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा. त्याच्या अंगावर कठीण कवच असते, तो काठाला बिळे करून अंडी घालतो आणि त्याला खाणारे आपल्याकडे फारसे कोणी नाही. पुणे-सोलापूरकडील उजनी जलाशयात तो पोचला असून तेथील मच्छीमार त्रस्त आहेत. मामा तलावाची मातीची पाळ अशा बिळांनी पोखरली गेली तर सिंचनालाही धोका आहे. शेवटी तो मासा एका शेतकऱ्याच्या गोठ्याजवळील सिमेंटच्या हौदात गेला. हौदाचे पाणी नहरात न जाता केळीच्या आळ्यात जाते, याची खात्री करूनच तो सोडला.

दयेपोटी किंवा कंटाळून टाकीतील कोणताही मासा वा वनस्पती बोडीत, तलावात, बाघ नदीत सोडू नये. परदेशी मागूर तर पाळूही नये. त्याच्या संवर्धनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात व आरोग्य विभाग त्यांचा वापर करतो. हिवतापाच्या आपल्या भागात ते उपयोगी आहेत, पण बंदिस्त विहीर, हौद व टाकी यांतच. बोडीत हे काम करायला आपले देशी लहान मासे आहेत.

देशी माशांकडे वळा

आपल्या तलावांतील ट्रायकोगॅस्टर जातीचा पट्टेदार मासा पाहा. नर फेसाचे घरटे बांधतो व अंड्यांची राखण करतो. तो पृष्ठभागावरील हवा घेऊ शकत असल्याने पंपाविनाही तग धरतो. पुंटियस व रासबोरा जातींचे लहान चंदेरी मासे कळपाने राहतात. ढिवर बांधवांना विचारून चार-दोन मासे आणावेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकार्याने तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे जपण्याचे काम केले. ते पाहण्यासारखे आहे.

हा छंद जोडधंदा होऊ शकतो. गप्पी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देतो आणि सिमेंटच्या दोन हौदांवरही सुरुवात होते. मात्र आधी एक वर्ष छंद म्हणून करा, गोंदिया व नागपूरच्या दुकानदारांशी बोलून विक्रीची खात्री करा, मगच पैसा गुंतवा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला होता. आजची स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी. तांत्रिक माहिती नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून मिळू शकेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, घरात एक लहान टाकी ठेवा. मुलांना तिची जबाबदारी द्या. हात धुतल्याशिवाय टाकीत घालायचा नाही, हे ज्या मुलाला कळले, ते मोठेपणी फवारणीचा पंप बोडीत धुणार नाही. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.